मसुराचा खिमा

वडिलांचं मनगट मी मोडलं. मसाला कुटायच्या लोखंडी बत्त्यानं, रविवारी दुपारी, आमच्याच स्वयंपाकघरात. नातेवाईकांना ते बाथरूममध्ये घसरले असंच सांगितलेलं आहे.

आम्ही काचीगुड्याला राहतो. आजोबा परभणीकडची शेती भावांवर सोडून इथं तेलुगू मुलखातल्या शहरात आले आणि इथलेच झाले. रविवारी मटण, हा घरातला नियम त्यांच्यापासूनचा. वडील सकाळी नारायणगुड्याला जाऊन स्वतः निवडून मटण आणायचे. आई खोबरं भाजून, मसाला वाटून ते शिजवायची. मीठ कमी पडलं तर ताट भिंतीवर जायचं. कधी ताटाच्या आधी हात आईच्या गालावर पडायचा. मी दार लावून अभ्यास करायचे. पुढे नोकरी लागली, तेव्हा कानात इअरफोन घालून लॅपटॉपवर काम करायला लागले.

मागच्या वर्षी वडिलांच्या छातीत दुखलं आणि स्टेंट टाकावा लागला. डॉक्टरांनी आईला बजावलं, "मटण पूर्ण बंद. डाळी, कडधान्यं द्या." वडील खिडकीबाहेर बघत होते, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल बोलणं चाललंय.

आईनं मात्र ते फार मनावर घेतलं. तिला पथ्याचं पांचट वरण करायचं नव्हतं. "ते मटण खात नाहीत गं, मसाला खातात," ती म्हणाली. अख्खे मसूर अर्धेकच्चे शिजवून तिनं ते लाल केलेल्या कांद्यात आलं-लसूण, पुदिना आणि दगडफूल घालून कोरडे होईस्तोवर परतले. रंगानं अगदी खिमा. मी चाखला आणि चाटच पडले.

वडिलांनी पहिला घास ताटातच थुंकला. "काय गं हे? कबुतरांना टाकतात ते मला घालतीस?" ताट माझ्या कानाजवळून गेलं. भिंतीवरून मसूर ओघळत खाली आले. आईनं फडकं घेतलं आणि पुसायला बसली.

पुढच्या रविवारी तिनं डाळ-मटणाचा दालचा केला, पण मटणाऐवजी दुधी घालून. वडील डाळीत बोटं घालून हाड शोधत राहिले. सापडलं नाही तेव्हा त्यांनी काचेची वाटी उचलून आईच्या पायांपुढे आपटली. एक तुकडा तिच्या घोट्यात घुसला. मी तो चिमट्यानं काढला. ती म्हणाली, "काबुली चणे भिजत घाल. उद्या कबाब करून बघू." मला तिचाही राग आला.

तिसऱ्या रविवारी ते स्वतःच मटण घेऊन आले. काळी पिशवी ओट्यावर टाकली आणि म्हणाले, "हे शिजव."

आई काबुली चण्यांचा रस्सा ढवळत होती. "नाही शिजवणार," ती म्हणाली. "तुमच्या मरणाला माझा हात नको."

आईनं त्यांना नाही म्हटलेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. त्यांनीही नसावं. त्यांनी तिची वेणी मनगटाला गुंडाळली आणि तिचं डोकं ओट्याकडे ओढलं. तिचा हात पातेल्याला लागला, पातेलं कलंडलं आणि उकळता रस्सा कोपरापर्यंत तिच्या हातावर सांडला. ती ओरडली. तरीही त्यांनी वेणी सोडली नाही.

बत्ता खलातच होता. मी तो उचलला आणि वेणी धरलेल्या मनगटावर मारला. कट्‌ असा आवाज आला. वेणी सुटली. ते खाली बसले आणि माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी घरात घुसलेली कुणी परकी बाई आहे. बत्ता माझ्या हातात होता आणि मला आणखी एकदा मारायचं होतं. डोक्यात. हे खरं आहे.

"बस झालं," आई म्हणाली. "आधी रिक्षा बोलव."

एकाच रिक्षातून आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. घसरलो, असं वडिलांनीच सांगितलं.

उजवा हात प्लास्टरमध्ये, डाव्यानं त्यांना भात धड कालवता येईना. आईच्या उजव्या हाताला पट्ट्या. म्हणून भरवायचं माझ्याकडे आलं. मी मुद्दाम मसुराचाच खिमा करायचे. घास गिळायच्या आत दुसरा चमचा तोंडात कोंबायचे. एकदा चमचा दातावर आपटला, ओठातून रक्त आलं. त्यांनी ते डाव्या हातानं पुसलं. मला बरं वाटलं.

आईनं दारातून पाहिलं. ती आत आली आणि माझ्या हातातून चमचा काढून घेतला. "एका घरात असा एक माणूस पुरे झाला," ती म्हणाली. मग डाव्या हातानं, ताटापासून तोंडापर्यंत सांडत, तिनं त्यांना भरवलं. मी बाल्कनीत जाऊन रडले.

त्यानंतर त्यांनी हात उचललेला नाही. मटण ते बाहेर कुठं खातात का, आम्ही विचारत नाही. आईच्या हातावरची कातडी आता गुलाबी आणि चकचकीत झाली आहे. मी विद्यानगरला एक खोली बघून ठेवली आहे, तिच्यासाठी आणि माझ्यासाठी. ती अजून हो म्हणालेली नाही. काल विचारलं तेव्हा म्हणाली, "तिथं स्वयंपाकघराला खिडकी आहे का, ते बघून ये आधी."