लेस्टरच्या कोर्टात बेबीचा फोन

वरळी कोळीवाड्यातली बेबी त्या दिवशी सुरमई कापत होती. कोयता तसाच हातात ठेवून तिनं मुलाचा फोन घेतला.

"आये, माझ्यावर केस झाली. बिनविम्याची गाडी चालवली म्हणून."

हितेंद्र इथं घरचा टेम्पो चालवायचा. बायको मधुरा नर्स. तिला इंग्लंडात लेस्टरला नोकरी लागली, तसा तोही गेला. तिथं मासळीच्या व्हॅनवर त्याचं काम ठरलं होतं. आता तिथल्या नव्या लायसन्सवर गुन्ह्याचे सहा पॉइंट पडले, की लायसन्स रद्द आणि व्हॅन गेली.

"विमा काढला नव्हता?"

"होता गो! गाडी माझ्या दोस्ताची, सिद्धांतची, विमापण होता. पण हिकडं विम्यावर ज्याचं नाव, त्यानंच गाडी चालवायची. माझं नाव नाय त्यात."

बेबीला हे काही केल्या पटेना. घरच्या टेम्पोला विम्याचा एकच कागद. त्या एका कागदावर दिरानं टेम्पो चालवला, दिराच्या जावयानं चालवला, आणि हळदीच्या दिवशी हौस म्हणून खुद्द नवरदेवानं चालवला. लायसन्स असलं की झालं. विमा गाडीला, हात कुणाचाही. आपण सगळे असंच समजून जगतो आणि इथं ते चालूनही जातं.

वकिलानं हितेंद्रला सांगितलं, गुन्हा कबूल कर. पण विमा तुला लागू आहे असं गाडीच्या मालकानंच सांगितल्याचा पुरावा दिलास, तर पॉइंट टळतीलही. सिद्धांत तर सगळं तोंडीच बोलला होता.

"तोंडी कसं?" बेबी उसळली. "मी इचारलं होतं त्याला! माझ्या फोनात बोललाय तो!"

पण फोनात कुठं? बेबीचं गिऱ्हाईक सगळं आवाजात बोलून मासळी मागवतं आणि बेबी एकही निरोप पुसत नाही. शेजारची कालिंदी आणि आणखी दोघी सुकत्या बोंबलांच्या सावलीत फोन मधे ठेवून बसल्या. वर्षभराची मासळी कानांवरून वाहू लागली. सुरमई जाड काप. पापलेट काल नरम होतं. मग ठाकूरद्वारच्या एका साहेबांचा दबका आवाज आला, "कोलंबी घरी नको, ऑफिसात पाठवा."

"अगो, तारीख बघ!" कालिंदी किंचाळली. "हा तर श्रावण!"

चौघी हसून हसून आडव्या झाल्या. एकीच्या धक्क्यानं बोंबलांची अख्खी ओळ खाली आली. ती उचलताना फोन आपला बोलतच होता.

"मावशी, टेन्शन नको घेऊ. गाडीला फुल विमा आहे. हितूच काय, तूपण चालव!"

सिद्धांत! आणि तारीख पोलिसांनी गाडी अडवण्याच्या दोन दिवस आधीची.

बेबीनं निरोप लगेच पुढं धाडला नाही. आधी सिद्धांतला फोन लावला. "गाडी दिलीस म्हणून तुझ्यावरपण केस येल रं."

मग तो म्हणाला, "येऊ दे, मावशी. मीपण नीट वाचलं नव्हतं. बोललो ते बोललो. पाठव तू."

सुनावणीच्या दिवशी बेबीनं धंदा लावलाच नाही. चौघी ओट्यावर फोनभोवती बसल्या. दुपार कलली तेव्हा तो वाजला.

"आये, दंड झाला. पॉइंट नाय!"

"आणि सिद्धांत?"

"त्याला केसचं पत्र येईल बहुतेक. बाहेर उभा राहून हसतोय येडा. दुभाष्यानं सिद्धांतचा तो 'तूपण चालव'वाला निरोप इंग्रजीत सांगितला ना, तर जजबाई विचारतात, आईंना गाडी येते का?"

"तू काय बोललास?"

"बोललो, होडी येते."

सोमवारी व्हॅनच्या मालकानं विम्याचा नवा कागद दिला. हितेंद्रनं त्याचा फोटो पाठवला. बेबीला इंग्रजी वाचता येत नाही. कालिंदीनं हितेंद्रच्या नावावर बोट ठेवून दाखवलं. त्या आठवड्यात कोळीवाड्यात पापलेटचा भाव विचारणाऱ्या प्रत्येकाला आधी तो कागद पाहावा लागला. मगच भाव कळला, आणि तोही कुणाला कमी झाला नाही.