दाजींनी धोंड्याला काय मागितलं

आमच्या दाजींच्या राज्यात कोणतीही वस्तू कधी मेली नाही. माणसं गेली, बैल गेले, एक विहीर आटली, पण वस्तू म्हणून जी एकदा त्यांच्या हाताखाली आली तिला त्यांनी मरू दिलं नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. राहणार घनसावंगीकडचे. अक्काचं लग्न झालं तेव्हा दोन्ही घरांची परिस्थिती सारखीच होती, म्हणूनच सोयरीक जुळली. त्यांच्या घराला कुडाच्या भिंती आणि वर उसाचं पाचट. वारं सुटलं की पाचट उडून शेजारच्या वावरात जायचं आणि दाजी ते दुसऱ्या दिवशी गोळा करून आणायचे. पाऊस आला की अक्का पिठाचा डबा मांडीवर घेऊन, वर पोतं पांघरून बसायची. मी शाळेत होतो, सुट्टीत तिच्याकडे राहायला गेलो की मीही त्या पोत्याखाली शिरायचो. पीठ भिजलं तर उद्या काय, हा प्रश्न त्या घरात कुणी मोठ्यानं विचारत नसे.

एक्क्याऐंशी साली दाजींनी जालन्यात मोडीत निघालेल्या एका जिनिंगच्या गोदामाचे सिमेंटचे पत्रे विकत घेतले. ते त्यांनी बैलगाडीतून, मध्ये मध्ये कडब्याच्या पेंढ्या घालून आणले आणि स्वतः गाडीत बसले नाहीत, बाजूनं चालत आले. गाडीला धक्का बसला की बैलांना नव्हे, पत्र्यांना विचारायचे, "लागलं का रं?" एकही पत्रा फुटला नाही. त्या पावसाळ्यात अक्का पहिल्यांदा पिठाचा डबा जमिनीवर ठेवून झोपली. पुढं मोसंबीनं हात दिला, गावात स्लॅबचं घर उभं राहिलं, तेव्हा तेच पत्रे उचलून बागेत गेले आणि त्यांचं शेड झालं. पुन्हा एकही फुटला नाही. त्या शेडमध्ये मग दाजींचं बाकीचं गणगोत राहायला आलं. सीट नसलेली सायकल, सायकल नसलेलं सीट, जळालेली मोटर, आणि एक बॅटरी, जिचा उजेड केव्हाच गेलेला होता. ती हातात धरून दाजी अंधारात बागेत फिरायचे. म्हणायचे, "मला दिसाया न्हाई धरत, कुत्र्याला दिसाया धरतो." एक मुका रेडिओ होता, त्याच्यावर स्वच्छ धडपा पांघरलेला असे. अक्का एकदा म्हणाली, "बोलत न्हाई तं भंगारवाल्याला द्या की." दाजी म्हणाले, "माझी आत्या बी चार वर्सं बोलली न्हाई, तिला दिली का भंगारात?"

दुसरी सवय अशी, की सासरच्या माणसानं सांगितलेली कोणतीही गोष्ट ते ऐकत नसत. आमच्याकडे जावयाला मान असतो, पण दाजींनी त्या मानाची भिंत बांधली होती. मी "दाजी, सावलीत बसा" म्हणालो की ते उठून उन्हात जायचे. आमच्या दोन्ही घरांत मिळून बी.एस्सी. झालेला मी पहिला. हे मी अभिमानानं सांगतो, कारण ते सोपं नव्हतं. दाजींनाही त्याचा अभिमान होता, गावभर सांगायचे. फक्त मला हाक मारताना ते नाव घेत नसत. "या बीएस्सी, पानी प्या." आणि मी काही समजावू लागलो की, "बीएस्सी, पुस्तक मिटा, जेवून घ्या."

पुढं कितीतरी वर्षांनी, ऐन मार्चात, गारपीट झाली. मोसंबीचा अंबिया बहार झडला आणि शेडच्या एका बाजूचे पत्रे फुटून खाली आले. मी अंबडला शाळेत शिकवत होतो, भेटायला गेलो. दाजी बहाराबद्दल एक शब्द बोलले नाहीत. फुटलेल्या पत्र्यांपाशी उभे होते आणि चेहरा मात्र उजळलेला. "बीएस्सी, डोकं लावलंय बरं का. समदं शेडच उतरवतो. मोठे तुकडे करवतीनं कापून कोंबड्याचं खुराडं. बाकी घरापुढं अंगनात टाकायचं, वरून ट्रॅक्टर फिरवायचा, बारीक भुगा. पानी मारून धुम्मस केलं की बिलकुल कोबा. फुकट. तुमच्या अक्काचा चिखल गेला."

आमच्या भागात हे नवं नव्हतं. फुटका सिमेंटचा पत्रा कुटून मुरमासारखा टाकलेली अंगणं मी पाहिली होती. पण माझा एक जुना विद्यार्थी जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यात सुरक्षेचं काम पाहायचा, त्याच्याकडून मी जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत मिसळलेल्या अ‍ॅस्बेस्टॉसबद्दल ऐकलेलं होतं. मी त्याला फोन लावला. तो म्हणाला, "सर, डोळ्यांनी बघून कळत नाही. जुना पत्रा आहे ना, मग आहे असंच धरून चाला. अख्खा आहे तोवर त्याला छेडू नका. तोडायचं नाही, कापायचं नाही, कोरडं झाडायचं नाही. त्याचे तंतू दिसत नाहीत, छातीत जाऊन बसतात आणि दुखणं वर्षानुवर्षांनी वर येतं."

मी दाजींना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे तंबाखू मळली. "वीस वर्सं डोक्यावर व्हता तवा बाधला न्हाई. खाली उतरला म्हून बाधतो व्हय? त्याला का तुमची पदवी कळती?"

"अख्खा होता, दाजी. भुगा झाला की हवेत उडतो. आणि ते अंगण रोज सकाळी झाडतं कोण?"

तंबाखू मळणारा अंगठा थांबला. दाजींनी अक्काकडे पाहिलं. ती ओट्यावर खराट्याची दोरी आवळत होती. पण मेव्हण्यासमोर माघार घेतील तर ते दाजी कसले. "ट्रॅक्टरवाल्याला सांगून ठिवलंय," एवढंच म्हणाले आणि उन्हात निघून गेले.

अक्का मला सोडायला फाट्यापर्यंत आली. जीप भरायची होती. म्हणाली, "तू सांगितलं तितंच चुकलं. तू सांगशील तं ते उद्याच ट्रॅक्टर आनतील." मी म्हणालो, मग तू सांग. "मी सांगितलं तं परवा आनतील." मग म्हणाली, "ट्रॅक्टर मी लांबवते. पेरनीआधीची नांगरट हाय, त्याला बी सवड न्हाई. औंदा धोंड्याचा महिना हाय. रीतसर बोलाव त्यांना. ताटावर बसू दे. मंग बघू."

त्याच दिवशी तिनं पडलेले तुकडे पाण्यानं भिजवले आणि जाड प्लास्टिकनं झाकून वर विटा ठेवल्या. दाजींनी विचारलं तर सांगितलं, "मोडलेलं हाय, उन्हात कशाला टाकू बिचाऱ्याला?" हे कारण त्यांना बरोबर पटलं.

अधिक महिन्यात जावयाला जेवायला बोलवायचं, पुरणाचे धोंडे वाढायचे आणि तो रुसून बसला की हवं ते द्यायचं, ही रीत. गरिबीच्या काळात आमच्या आईनं जावयाला धोंड्याला नुसता गूळ-भात वाढला होता आणि दाजींनी तेव्हा रुसायचं टाळलं होतं. आमची परिस्थिती सुधारल्यावर मात्र ते मनापासून रुसायला लागले. एकदा आमच्या विहिरीचा गंजका रहाट मागितला, एकदा वडिलांची फाटकी छत्री. आम्ही चांदीचा दिवा द्यायचो, तो ते अक्काकडे द्यायचे आणि छत्री स्वतः घेऊन जायचे.

तोवर आई-वडील गेलेले होते. मी आणि माझ्या बायकोनं अक्का-दाजींना पाटावर बसवलं. दाजींनी पहिला धोंडा मोडला आणि हात ताटाबाहेर काढला. माझी बायको म्हणाली, "जावईबापू रुसले. काय पाहिजे?" दाजींनी भिंतीकडे पाहिलं. अक्का ताटाकडे पाहत होती. तिनं त्यांना आधी काही सुचवलं होतं की नव्हतं, हे तिनं मला आजवर सांगितलेलं नाही.

"सासुरवाडीच्या समद्या गड्यांनी येऊन माझं शेड उतरवायचं," दाजी म्हणाले. "एक पत्रा फुटला तरी मला हा धोंडा मान्य न्हाई. आन् आमच्या अंगनात त्यातलं काई येता कामा न्हाई."

मी म्हणालो, "जशी तुमची इच्छा."

"इच्छा न्हाई, हुकूम हाय. जेवा आता."

हुकूम त्यांचा झाला म्हटल्यावर मी सांगितलेली प्रत्येक काळजी त्यांनी दुप्पट कडक केली. माझ्या विद्यार्थ्यानं बारीक धूळ अडवणारे मास्क पाठवले होते. नुसता गमछा चालत नाही, असं त्यानं बजावलं होतं. दाजींनी मास्क लावला आणि दिवसभर तंबाखू सोडली, ही त्या घराण्याच्या इतिहासातली मोठी घटना होती. मोसंबीवर मारायचा फवारा पंप नुसत्या पाण्यानं भरून त्यांनी पत्रे सावकाश भिजवले. माझा चुलतभाऊ गंजलेला नट हातोड्यानं ठोकू लागला, तर मास्कमधून ओरडले, "जल्दी कशाची? तुझ्या सासऱ्याचा हाय का पत्रा?" नट ओले करून, कापून, एकेक पत्रा दोघादोघांनी अख्खा खाली घेतला. पडलेले तुकडे ओलेच हातमोज्यांनी उचलले, सगळं जाड प्लास्टिकच्या दोन थरांत बांधलं आणि वर ठळक अक्षरांत 'धोका, उघडू नका' असं लिहिलं. विद्यार्थ्याच्या ओळखीनं कारखान्याचा धोक्याचा कचरा घेऊन जाणारी गाडी रीतसर परवानगीनं आली.

तेव्हा गाडीबरोबर आलेला विद्यार्थी म्हणाला, "अंगावरचे कपडेही ह्यातच टाका. घरी न्यायचे नाहीत." आम्ही सगळे जुनेर घालून आलो होतो, ते टाकून दिलं. दाजी थबकले. त्यांच्याकडे जुनेर असं काही नव्हतंच. प्रत्येक कपडा चालू होता. ठिगळांचा तो सदरा त्यांनी काढला, पाण्यानं भिजवला, घडी घातली आणि पिशवीत ठेवला. "पाच वर्सं अजून आला आस्ता," एवढंच बोलले. मग हात-पाय धुऊन बनियनवर गाडीजवळ गेले आणि ती हलली तेव्हा थोडं अंतर तिच्या बाजूनं चालले.

दाजी आता थकलेत. उन्हात बसा म्हटलं तर उन्हात बसतात, सावलीत म्हटलं तर सावलीत, आणि मला नावानं हाक मारतात; ते मला बरं वाटत नाही. घरापुढचं अंगण मातीचंच राहिलं. पावसाळ्यात चिखल होतो. त्यात पत्र्याचा एक कणही नाही, आणि अक्का ते रोज सकाळी झाडते.