माझ्या खानदानाचे कान

उरला नावाच्या कारखान्यांच्या वसाहतीतल्या, लोखंडाच्या सळया काढणाऱ्या रोलिंग मिलमध्ये गोंगाटानं माणसाला कमी ऐकू येऊ लागलं की तो सीनियर झाला असं समजतात. त्यामुळे माझा उजवा कान मंद झाला, आत सतत शिटी वाजू लागली, तेव्हा मी चक्क मिरवत होतो. सव्वीस वर्षं मिलमध्ये काढली, गंमत आहे का!

बायको मात्र चिडली. "मिलनं खाल्ला असता तर दोन्ही कान खाल्ले असते. एकच काहून गेला?"

आठवी शिकलेल्या बाईची ही शंका कानाच्या डॉक्टरांनाही पटली. एमआरआय झाला. ऐकण्याच्या नसेवर लहानशी गाठ निघाली. कॅन्सर नव्हे, हळूहळू वाढणारी.

दुसऱ्या दिवशी मी, बायको आणि मुलगी रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे गेलो. शेजारी मोबाइलला दोष देत होते, दोस्त मिलला. डॉक्टर म्हणाले, मोबाइलचं काही सिद्ध झालेलं नाही, गोंगाटाबद्दलही एकमत नाही. बहुतेकांत कारण सापडतच नाही. लहानपणी डोक्याला रेडिएशन दिलं असेल तर धोका वाढतो, आणि क्वचित हे घराण्यातून येतं.

"मतलब मुझे भी हो सकता है?" इकडच्या हिंदीत वाढलेल्या माझ्या मुलीनं विचारलं.

"तुमच्या घरी कुणाला होतं?" डॉक्टर माझ्याकडे बघत होते. खानदानाचा एवढा तोरा मिरवणारा मी, पण मला काही म्हणता काही सांगता येईना.

बायको बोलू लागली. "मोठ्या सासऱ्यांना, म्हणजे यांच्या मोठ्या काकांना, सत्तरीनंतर कमी ऐकू येई, दोन्ही कानांनी. वर्ध्याच्या आत्याबाईंचा कान लहानपणापासून वाहे. गाठ कोणालेच नाही. काल मी वर्ध्याले, नागपूरले, भिलाईले, सगळ्याईले फोन लावून विचारलं. अन् यायले स्वतःले लहानपणी गोवर सोडून काही झालं नाही, सासूबाई सांगत."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. घराण्यातून येणारी गाठ सहसा कमी वयात आणि दोन्हीकडे होते, इथं तसं काही दिसत नाही, म्हणाले. मुलीची काळजी नको. माझी गाठ ठरावीक काळानं तपासत राहू. मग बायकोकडे वळून म्हणाले, "इतकी पक्की माहिती आम्हाला कुणी देत नाही."

माझी छाती अशी फुगली की कानाचं दुःख विसरलो. मुलगी आईला बिलगून रडत होती.

लग्नापासून प्रत्येक भांडणात मी बायकोला एकच ऐकवत आलो होतो: तुले आमच्या घरचं काय मालूम? त्या दिवसानंतर माझी तसं म्हणायची हिंमत झाली नाही.