धूर न करणारं लाकूड

आठवा महिना लागून चारच दिवस झाले होते, तेव्हा आमची लेक बाळंत झाली. मुलगा, पावणेदोन किलोचा. बीडच्या दवाखान्यात तीन आठवडे काचेच्या पेटीत राहून तो गेवराईजवळच्या आमच्या गावी आला, तोवर डिसेंबर निम्मा सरला होता. सोडताना नर्सने बजावलं, बाळाला थंडी लागू देऊ नका आणि धूर अजिबात नको. उघड्या छातीशी धरून ठेवा, असंही ती म्हणाली होती. पण ते आमच्या घरात कुणी उपायात धरलंच नाही. आईने लेकराला छातीशी धरायचं, त्यात औषध ते काय?

जावयाने विजेचा हीटर आणून दिला होता. तो चालावा इतका दाब आमच्या विजेत फक्त दुपारी, उन्हात असे. मग जुनीच रीत उरली: बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांचं घमेलं. त्यासाठी मावशी येऊ लागली. मावशी म्हणजे गावातली न्हाऊ घालणारी बाई. आमच्या गल्लीतली निम्मी माणसं तिच्या पायांवर आंघोळ करून मोठी झालेली आहेत, त्यात दोन सरपंचही आहेत.

पहिले तीन दिवस परसातली लाकडं वापरली. कडुलिंबाच्या आणि सुबाभळीच्या, दिवाळीनंतर छाटलेल्या फांद्या. बाहेर चुलीत जाळून निखारे आत आणले तरी ते धुमसत. लेक खोकायची, मावशीच्या डोळ्यांतून पाणी यायचं, मग कुणीतरी उठून खिडकी उघडायचं आणि बाळाचे तळवे गार पडायचे. तळवे गार पडले की बायको माझ्याकडे बघायची, जणू थंडी मीच वरून मंजूर करून आणली होती.

चौथ्या दिवशी मी गेवराईला लाकडाच्या वखारीत गेलो. वखारवाले चाचा सत्तरीचे. मी "चांगलं लाकूड द्या" म्हणालो, तसे ते हसले.

"मास्तरसाब, चांगलं म्हणजे कशाला? मयतीला, भट्टीला का चुलीला?"

"बाळंतिणीच्या खोलीला. धूर नको."

"मग बाभूळ घ्या. ती पन साल सुटलेली. लिंब नेऊ नका, बाळ बी रडंल आन् बाळाची आई बी."

त्यांनी दोन ओंडके उचलून एकमेकांवर आपटले. खणकन आवाज आला. दुसरे दोन आपटले, भद्दकन वाजले. "वल्लं लाकूड मुकं असतंय," ते म्हणाले. मग कापलेल्या टोकावरच्या भेगा दाखवल्या: मधून कडेपर्यंत गेलेल्या असल्या तर आतलं पाणी गेलं. हातात घेऊन बघा, दिसतं त्यापेक्षा हलकं लागलं पाहिजे. मी अठ्ठावीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलं, पण इतक्या आनंदाने क्वचितच काही शिकलो असेन. तासभर एकेक ओंडका वाजवून निवडत बसलो. चाचा शेवटी म्हणाले, "बास करा साब, तबला न्हाई घ्यायचा."

लाकूड खरोखर उत्तम निघालं. अंगणात जाळलं की अर्ध्या तासात लाल, घट्ट निखारे. खोलीत नेले तर धुराची रेघही नाही. लेक मला म्हणाली, "दादा, आज डोळे नाही चुरचुरले." बायकोने शेजारणींना बोलावून दाखवलं. मी त्यांना भेगांबद्दल सांगितलं, आवाजाबद्दल सांगितलं. दुसऱ्या दिवशीही सांगितलं.

आता धूर नाही, तर खिडकी कशाला उघडी ठेवायची? ती जुनी, फळ्यांमध्ये फटी पडलेली. कडब्यावर झाकायला आणलेला वाढदिवसाचा एक फ्लेक्स परसात होता. आमच्याकडे दर आठवड्याला कुणीतरी भावी आमदार जन्मतो, त्यामुळे या मालाचा तुटवडा नसतो. मी तो खिडकीवर चारी बाजूंनी खिळे मारून ठोकला. चेहरा आत आला तर बाळ दचकेल म्हणून गल्लीकडे केला. दाराखालच्या फटीत गोणपाट कोंबलं.

मावशी बघत होती. म्हणाली, "गुरुजी, वर बोटभर फट ऱ्हाऊ द्या की."

"कशाला? धूर आहे का कुठं?"

"धूर न्हाई. पर इंगळ हाय न्हवं? म्या कवा कोंडून न्हाई ठिवला."

मी तिला समजावलं की गरम हवा वर जाते, म्हणून वरची फट सगळ्यात वाईट. ती "बरं" म्हणाली. सर म्हणून जगलेल्या माणसाला लोक लवकर बरं म्हणतात.

दोन दिवस सगळं छान चाललं. बायको म्हणाली, बाळाच्या गालांवर लाली आली. लेकीचं डोकं दुखत होतं, पण बाळंतिणीचं डोकं दुखायचंच.

तिसऱ्या सकाळी मावशीने बाळाला न्हाऊ घातलं, शेक दिला आणि जायला निघाली. घमेलं ती नेहमी बाहेर काढून जायची. मीच म्हणालो, "राहू द्या, निखारे चांगले आहेत, वाया कशाला घालवता?" तिने ते तिथेच ठेवलं. मी दार ओढून घेतलं आणि ओसरीवर पेपर वाचत बसलो. साधारण दीड तासाने बायको मेथीची खीर घेऊन आत गेली आणि तिने ज्या आवाजात मला हाक मारली तो आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता.

लेक अर्धवट शुद्धीत होती. उठवून बसवली तर ओकली. बाळ गुलाबी होतं आणि ओल्या फडक्यासारखं लोंबत होतं.

शेजाऱ्याच्या जीपने बीड गाठलं. डॉक्टरबाईने विचारलं, खोलीत काय जळत होतं? मी सांगितलं. "धूर झाला होता?" "अजिबात नाही," मी म्हणालो, आणि माझ्याच आवाजातला अभिमान मला ऐकू आला. ती म्हणाली, धूर झाला असता तर तुम्ही दार उघडलं असतं. कोंडलेल्या निखाऱ्यांच्या विषारी वायूला ना वास असतो ना रंग. हे वाक्य मी नववीच्या वर्गात फळ्यावर किती वर्षं लिहिलं, ते मी तिला सांगितलं नाही.

लेक चार दिवसांत बरी झाली. बाळ वाचलं. आता ते दीड वर्षाचं आहे आणि अजून आधाराशिवाय बसत नाही. डॉक्टर म्हणतात, लवकर जन्मलेल्या मुलांत असंही होतं, नक्की सांगता येत नाही. ही शंका मला सवलत म्हणून मिळाली आहे. लेकीने मला एकदाही काही विचारलेलं नाही. ती आता माहेरी राहायला येत नाही.

गावाने मात्र दुसऱ्या आठवड्यातच निकाल लावला: मावशीने विस्तव आतच ठेवला. बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच सांगत होती. एका दुपारी भेटायला आलेल्या पाच-सहा जणांसमोर मी म्हणालो की खिडकी मी ठोकली, घमेलं मी ठेवायला लावलं, मावशीने फट ठेवायला सांगितलं होतं. मग एक जण म्हणाला, "सरांचं मन बघा. त्या बाईसाठी सगळं स्वतःवर घेतायत." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी अजून दोनदा सांगितलं. जितकं सांगितलं तितका मी थोर झालो.

त्या हिवाळ्यात मावशीला चार घरांनी यायला नको म्हणून सांगितलं.

मी तिच्याकडे गेलो. ती दारात बसून शेंगा फोडत होती. मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. तिने ऐकलं, हात थांबवला नाही.

"मला सांगून काय उपेग गुरुजी? मला ठावं हाय की. त्या चार घरी जाऊन सांगा."

मी दोन घरी गेलो. दोन्हीकडे सगळं सांगितलं; दोन्हीकडे पुन्हा माझ्या मनाचं कौतुक झालं आणि चहा झाला.