निकडीचा रकाना

घरात तिला ‘प्रोफेसर’ म्हणत, ते ती प्राथमिक शाळेत असल्यापासून. कारण एवढंच, की जेवताना ती पुस्तक वाचायची आणि ताट कधीच रिकामं झालेलं असलं तरी बोटं त्यात फिरवत राहायची. हे नाव काकांनी ठेवलं. आईवडील लवकर गेले, त्यामुळे तिला वाढवण्याचं, रागावण्याचं आणि नावं ठेवण्याचं काम आपसूकच काका-काकूंकडे आलं होतं. पुढे ती खरोखरच मोठ्या शहरात विद्यापीठात गेली, कॉलेजात शिकवू लागली, पीएच.डी.ला तिची नोंदणी झाली. काका नदीकाठावर भेटेल त्याला सांगत सुटले, “मी तर आधीच सांगितलं होतं!” पीएच.डी. म्हणजे नेमकं काय, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ती एक फार लांबलेली परीक्षा असते, असा त्यांचा समज होता, आणि तो काही अगदीच चुकीचा नव्हता.

काका होड्या बांधत. नदीच्या वळणावर त्यांचा पत्र्याचा कारखाना होता. कारखाना म्हणजे चार खांब, वर पत्रे आणि खाली लाकडाच्या भुशाचा ढीग. नकाशा नाही, आराखडा नाही. काका फळी खांद्यावर घेत, एक डोळा मिटत आणि दुसऱ्या डोळ्याने तिच्या कडेवरून टोकापर्यंत बघत. कुठे केसभर जरी बाक असला तरी फळी खाली ठेवून रंधा उचलत. होडीचा तळ जमला की नाही हे बघायला तर ते चक्क जमिनीवर आडवे होत, गाल मातीला लावून. नदीवरचे नावाडी म्हणत, म्हाताऱ्याच्या डोळ्यात मोजपट्टी आहे. त्या डोळ्यावर त्यांचं घर चालत होतं, आणि प्रोफेसरचं शिक्षणही त्यावरच झालं होतं.

तिच्या संशोधनाचा विषयही हाच होता. आराखड्याशिवाय, नुसत्या नजरेने होडी कशी बांधली जाते, ही विद्या एकाकडून दुसऱ्याकडे कशी जाते, काठावरच्या इतर गावांत कोण काय वेगळं करतं. त्यासाठी कॉलेजातून बिनपगारी रजा घ्यायची, गावोगाव हिंडायचं, चित्रण करायचं. विद्यापीठाचं क्षेत्रकार्याचं अनुदान मिळाल्याशिवाय यातलं काहीच होण्यासारखं नव्हतं. तिने अर्ज केला. नामंजूर झाला. पुढच्या खेपेला अधिक मेहनत घेऊन केला, तोही तसाच परत आला.

तिच्या मार्गदर्शक बाई स्वभावाने चांगल्या होत्या, पण बोलायला फटकळ. त्यांनी अर्ज चाळला आणि चष्मा कपाळावर चढवला.

“यात सगळं आहे हो. पद्धत आहे, संदर्भ आहेत, वेळापत्रक आहे. निकड कुठंय?”

“निकड म्हणजे?”

“हा रकाना बघा. ‘हे काम आत्ताच का?’ तुम्ही लिहिलंय, विषय महत्त्वाचा आहे. अहो, महत्त्वाचे तर सगळ्यांचेच असतात. समितीला वाटतं, हा माणूस पुढच्या वर्षीही तिथंच होड्या बांधत बसणार आहे. मग आत्ता कशाला द्यायचं? त्यांना जरा घाई वाटली पाहिजे.”

बाई खोटं लिहा म्हणाल्या नव्हत्या. हे पुढे तिने स्वतःला पुष्कळदा बजावलं, कारण दोष बाईंवर ढकलता आला असता तर तिला फार बरं वाटलं असतं.

त्या दुपारी ग्रंथालयाच्या खिडकीशी बसून तिने तो रकाना नव्याने भरला. ‘या विद्येचे ज्येष्ठ कारागीर वयोवृद्ध असून त्यांची दृष्टी झपाट्याने क्षीण होत आहे. सध्या हाती असलेली होडी बहुधा त्यांच्या हातची अखेरची ठरेल.’ लिहिताना हात थरथरला वगैरे काही नाही. उलट वाक्य छान उतरलं म्हणून तिने ते पुन्हा एकदा वाचलं. थोडंफार मीठमसाला सगळेच लावतात, असं मनाशी म्हटलं आणि अर्ज देऊन टाकला. ज्या माणसाच्या डोळ्यांवर आपण शिकलो, त्याचेच डोळे आपण कागदावर अधू करून ठेवले, हे तिच्या डोक्यातही आलं नाही. हुशार माणसांचं असं होतं कधी कधी.

अनुदान मंजूर झालं. काकूने शेजारीपाजारी गोड वाटलं. आणि मग विद्यापीठातून फोन आला, की पैसे सुटण्याआधी एक साहेब प्रत्यक्ष जागेवर येऊन पाहणी करतील. नियमच होता तसा. पत्रकात बारीक अक्षरांत छापलेलाही होता, पण अर्ज करणाऱ्याचं लक्ष नेहमी जाड अक्षरांकडे असतं.

साहेब आणि ती एकाच बसने निघाले. वाटेत काकांना फोन करून सगळं सांगून टाकायचं तिने ठरवलं होतं, पण साहेब नेमके शेजारच्या सीटवर बसले आणि उतरेपर्यंत आपल्या गुडघेदुखीबद्दल बोलत राहिले. थांब्यावर उतरल्यावर त्यांना कुणाचा तरी फोन आला. ते मागे थांबले. ती जवळजवळ पळतच पुढे गेली.

काका अर्धवट होडीच्या कडेवर चढून बसले होते. त्यांनी तिला लांबूनच पाहिलं आणि ओरडले, “प्रोफेसर! डाव्या चपलेचा अंगठा तुटलाय की गं तुझा!”

तिने खाली पाहिलं. तुटायलाच आला होता. तिला स्वतःला कळलं नव्हतं.

“काका, ऐका ना. विद्यापीठाचे साहेब आलेत. मी त्यांना अर्जात असं लिहिलंय, की तुमचे…”

“काय माझे?”

एवढंसं वाक्य, पण ते त्यांच्या तोंडावर म्हणता येईना. तेवढ्यात साहेब येऊन पोचले. त्यांच्या मागोमाग पलीकडच्या काठावर माणसांची ने-आण करणारा नावाडीही आला. तो काकांकडूनच होडी घेणार हे काठावर सगळ्यांना माहीत होतं. दोन्ही मुलं हाताशी आली म्हणून त्याला मोठी होडी हवी होती आणि आज तो पक्का शब्द द्यायला आला होता. साहेबांना बघून तो अदबीने खांबाशी थांबला.

साहेब, लोक आजारी माणसाशी बोलतात तसे, मोठ्याने म्हणाले, “आजोबा! डोळ्यांना फार त्रास होतो का हो आता?”

काकांनी तिच्याकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. काकांनी एक डोळा किंचित बारीक केला, फळीकडे बघताना करायचे तसा, आणि ते काय समजायचं ते समजले. त्यांना त्याहून जास्त वेळ कधीच लागत नसे.

“हो साहेब,” ते म्हणाले. “आता कुठलं दिसायला? सगळं धुरकट. पोरी, हात दे गं जरा, पायरी कुठंय?”

जन्मात त्यांनी कुणाचा हात मागितला नव्हता. तिने तो धरला. घट्ट, कोरडा, भुशाने माखलेला हात. पायरीच्या जागी काकांनी मुद्दाम हवेत दोनतीनदा पाय चाचपला. नट म्हणून ते फारच सुमार होते, पण साहेबांच्या चेहऱ्यावर कणव दाटून आली. आवाज ऐकून काकू पाण्याचे पेले घेऊन बाहेर आली.

“अहो, काय झालं तुम्हाला?”

“कोण? तू का गं?”

“मी का म्हणजे? इतकी वर्षं संसार केला आणि आता विचारताय कोण?”

“आवाजावरून ओळखलं हो,” काका घाईघाईने साहेबांना म्हणाले. काकू काही बोलणार होती, पण प्रोफेसरचा चेहरा पाहून तिने ओठ मिटले आणि पेले पुढे केले. एरवी त्या घरात या प्रसंगावर वर्षभर हसले असते.

साहेबांनी कागदावर शेरा लिहिला, समाधानाने पेन खिशाला लावलं आणि ते निघाले. खांबाशी उभ्या नावाड्याने तिला हळूच अडवलं. साहेब चार पावलांवर चपलेतला खडा काढत होते.

“डोळे गेले का गं म्हाताऱ्याचे?”

तिला बोलायचं होतं. नाही हो, ठणठणीत आहेत, माझ्या चपलेचा तुटका अंगठा त्यांना लांबूनच दिसला. एवढं म्हटलं असतं की झालं असतं. तिने साहेबांच्या पाठीकडे पाहिलं.

“वय झालंय ना आता,” ती म्हणाली.

नावाड्याने मान हलवली. तो आत गेलाच नाही.

काही दिवसांनी काकूचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं झालं आणि मग सहज सांगितल्यासारखं, की नावाड्याने होडी दुसरीकडे सांगितली. शहरातून साच्यात ओतलेली फायबरची तयार होडी येणार आहे म्हणे. प्रोफेसरने त्याच आठवड्यात बस पकडली आणि थेट नावाड्याचं घर गाठलं. तिने त्याला सगळं सांगितलं. अर्ज, अनुदान, पाहणी, नाटक. काही लपवलं नाही. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

“तू घरची पोर,” तो म्हणाला. “तू असंच सांगणार. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, त्यांना पायरी सापडत नव्हती.”

“पण ते नाटक होतं! शपथ घेऊन सांगते.”

“त्या दिवशी तर तूच म्हणालीस, वय झालंय.” मग जरा नरमाईने, “त्यांच्याबद्दल मला आदर आहे गं. पण त्या होडीत माझी पोरं बसणार आहेत.”

ती तिथून निघाली. ती जाईल तिथे खरं सांगत फिरली आणि लोक जास्तच हळहळले, की बघा, पुतणी किती झाकतेय. काठावर बातमी पसरायला वारा लागत नाही. आधी नवी कामं थांबली, मग डागडुजीचीही. हाती असलेली होडी काकांनी पूर्ण करून दिली, आणि पत्र्याखालची जागा मोकळी झाली.

तिचं क्षेत्रकार्य मात्र उत्तम चाललं. काकांना आता वेळच वेळ होता. त्यांनी तिला लाकूड कसं निवडायचं ते दाखवलं, सांध्यात कापूस कसा ठासायचा, डांबर किती तापवायचं, सगळं पुन्हा पुन्हा, कॅमेऱ्यासमोर, न कंटाळता. बाई म्हणाल्या, इतकं सखोल साहित्य मी क्वचितच पाहिलंय. कौतुक ऐकताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला शिवी हवी होती. काकांनी एकदा तरी आवाज चढवावा, निदान अबोला धरावा. पण काका तिच्यासाठी सावलीत खुर्ची सरकवून ठेवत, आणि ती त्या खुर्चीत बसत असे.

वर्ष उलटलं आणि मुदतवाढीचा अर्ज आला. तो घेऊन ती काकांसमोर बसली होती. काका काकूच्या सुईत दोरा ओवत होते. पहिल्याच फटक्यात ओवला आणि सुई काकूकडे दिली. मग दगडावर पाणी शिंपडून ते रंध्याच्या पात्याला धार काढू लागले. रोज काढत. कापायला काही नसलं तरी पातं गंजू द्यायचं नाही, असं त्यांचं म्हणणं.

तिला आता राहवलं नाही. “काका, त्या दिवशी तुम्ही तसं का केलंत? मला तोंडघशी पाडायला हवं होतंत.”

काकांनी खरोखरच आश्चर्याने वर पाहिलं. “तुझी परीक्षा होती ना ती? परीक्षेत आपल्या पोरीला कुणी पाडतं का?”

ती रडली. काकांनी रडू दिलं. काकू आत निघून गेली.

मग काकांनी पात्याची धार अंगठ्यावर तपासली आणि कागदाकडे बोट दाखवलं. “आता काय विचारतायत ते?”

तिने डोळे पुसून वाचून दाखवलं. “अखेरच्या होडीबद्दल मागच्या अर्जात लिहिलेलं आजही खरं आहे का, विचारतायत.”

काकांनी पत्र्याखालच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. होडी टेकवायचे लाकडी ठोकळे तिथे तसेच रांगेत होते. त्यांनी एक डोळा मिटला, सवयीने, आणि ती रांग टोकापर्यंत बघून घेतली.

“मग लिही की हो म्हणून,” ते म्हणाले. “आता काय घाबरायचं कारण आहे?”