खालून कापलेले प्रश्न

१९९८ च्या जुलैमध्ये मी पुण्यातील एका केंद्रावर सर्व्हरची परीक्षा दिली आणि नापास झाले. हजारपैकी ७६४ गुण लागत होते. मला ६९२ मिळाले.

निकालासाठी थांबावे लागले नाही. शेवटचे उत्तर दिल्यावर पडदा क्षणभर कोरा झाला आणि त्यावर दोन आडव्या पट्ट्या उमटल्या. वरची लागणाऱ्या गुणांची, खालची मिळालेल्या गुणांची. खालची आखूड होती. केंद्रातील मुलीने निकालाचा कागद छापला, त्यावर दाबाचा शिक्का उठवला आणि पुढच्या उमेदवाराला आत सोडले. कोणता प्रश्न चुकला हे कागदावर नसते. कोणत्या भागात किती कच्चे राहिलो, एवढेच कळते.

मी तेव्हा नगरच्या एका दैनिकात संगणक विभागात होते. कामावर लागले ती मजकूर टाइप करण्यासाठी. पुढे पाने लावू लागले, आणि संगणक बंद पडला की तो उघडून पाहण्याचे कामही हळूहळू माझ्याकडे आले. विभागात पाच संगणक होते, पण एकाचा दुसऱ्याशी संबंध नव्हता. एकावर लावलेले पान दुसऱ्यावर न्यायचे तर फ्लॉपीत घालून हाताने न्यावे लागे. फ्लॉपी खराब निघाली की पान पुन्हा लावावे लागे. त्या वर्षी मालकांनी पाचही संगणक एका सर्व्हरला जोडायचे ठरवले. सगळी पाने एका जागी राहणार आणि प्रत्येकाला आपल्या टेबलावरून ती उघडता येणार होती.

सर्व्हर पुरवणाऱ्या पुण्याच्या कंपनीची एक अट होती. सर्व्हर बनवणाऱ्यांची परीक्षा पास झालेला एक माणूस कार्यालयात हवा. नसेल तर कंपनी स्वतःचा माणूस बसवणार. व्यवस्थापकांनी मला बोलावून हे सांगितले आणि दसऱ्यापर्यंत मुदत दिली. दसऱ्याला छापखान्यात यंत्रांची पूजा होते. सर्व्हर त्याच दिवशी सुरू करायचा, हे मालकांच्या मनात पक्के होते. मी पास झाले तर सर्व्हरच्या खोलीची किल्ली माझ्याकडे येणार होती. नाही झाले तर पुण्याचा माणूस तिथे बसणार आणि मी पुन्हा टायपिंगच्या टेबलावर जाणार होते.

अभ्यासाचे पुस्तक इंग्रजी होते आणि उशीसारखे जाड होते. ते एकटीने वाचता येई. सरावाच्या प्रश्नांची अडचण वेगळी होती. एका ओळखीच्याकडून त्यांच्या झेरॉक्स मिळाल्या होत्या, पण प्रत्येक प्रश्नाच्या खाली लगेच उत्तर छापलेले होते. डोळा घसरून खाली जाई. कागद दुसऱ्या कोणाच्या तरी हातात असायला हवा होता.

कार्यालयात सरळ इंग्रजी वाचणारा माणूस एकच होता. मुख्य उपसंपादक. सगळे त्यांना काका म्हणत. वृत्तसंस्थेच्या इंग्रजी बातम्या समोर ठेवून ते थेट मराठीत लिहीत, आणि लिहिताना त्या निम्म्या करत. दुपारी जेवणानंतर त्यांना थोडी उसंत असे. कोपरगाव आणि सोनईच्या वार्ताहरांची पाकिटे एसटीने येत, ती माळीवाड्याच्या स्टँडवरून शिपाई घेऊन येईपर्यंत टेबल रिकामे असे. तेवढ्या वेळात प्रश्न विचारायचे त्यांनी कबूल केले.

"मला यातलं काही कळत नाही," काका म्हणाले.

"कळायचं नाहीये काका. नुसतं विचारायचं."

"तेच तर वीस वर्षं करतोय."

ते चष्मा कपाळावर सरकवून वाचत आणि प्रश्न मराठीत सांगत. "एका कंपनीत हिशेबाच्या फाइली बाकीच्यांना दिसू नयेत असं करायचंय. इंजिनिअरनं अमुक केलं. जमलं का?" मी सांगे, जमलं. ते म्हणत, बरोबर. पुढचा. त्यांचे प्रश्न स्वच्छ असत. एका श्वासात ऐकता येत आणि दुसऱ्या श्वासात उत्तर देता येई. जून संपेपर्यंत माझी दहातली नऊ उत्तरे बरोबर येऊ लागली. चहा आला की काका कागद खाली ठेवत आणि त्या दिवशीच्या कुठल्या तरी वार्ताहराची बातमी मला दाखवत. यात बातमी कितव्या ओळीला सुरू होते ते सांग, म्हणत. बहुतेक वेळा ती सातव्या-आठव्या ओळीला सुरू होई. त्याआधी व्यासपीठावर कोण कोण होते ते असे. बातमी लिहायला मी याच टेबलावर शिकले.

खालच्या छपाईयंत्रावरचे एक मशीनमन हात पुसत वर आले की दारात उभे राहत. पुणतांब्याकडचे होते. पूर्ण पान वाचल्याशिवाय छापायला घेत नसत.

"ताई, लई घोकताय. त्या म्हशीनला एवढं कळतंय व्हय?"

"मशीनला नाही, मला कळायला हवं."

"मग ठीक हाय. म्हशीनचं आमी बघतो."

जुलैमध्ये परीक्षेला बसले तेव्हा पडद्यावर आलेला तिसरा की चौथा प्रश्न वाचून मी थांबले. तो पडद्यात मावत नव्हता. कंपनीचे नाव, किती मजल्यांची इमारत, कोणत्या मजल्यावर किती माणसे, मग एक आवश्यक अपेक्षा आणि तिच्याखाली दोन ऐच्छिक अपेक्षा. इंजिनिअरने काय केले ते त्यानंतर. आणि शेवटी प्रश्न: फक्त आवश्यक अपेक्षा पूर्ण झाली, की तिच्यासह एक ऐच्छिक, की दोन्ही, की काहीच नाही? असा प्रश्न मी कधी ऐकला नव्हता. असे प्रश्न पुढेही येत राहिले. मी प्रत्येक वेळी वरून सुरुवात करून सगळा मजकूर मनात मराठीत आणत होते. शेवटचे काही प्रश्न घाईने सोडवले.

दुसऱ्या दिवशी निकालाचा कागद काकांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"झेरॉक्स अपुऱ्या होत्या काका," मी सांगितले. "तिथे वेगळाच प्रकार होता. आधी एक आवश्यक अपेक्षा, मग खाली दोन ऐच्छिक. तसा एकही प्रश्न आपल्याकडे नव्हता."

"आहेत की."

"कुठे?"

"पुष्कळ आहेत. ते खालचं मी वाचत नव्हतो."

"का?"

"ऐच्छिक होतं," काका म्हणाले. "मुख्य गोष्ट वर येऊन गेली होती. खालचं जागा असेल तर."

त्यांनीच पुढे विचार केला. छापायला मजकूर जास्त झाला की तो खालून कापतात, कारण महत्त्वाचे वर असते. काकांनी ते इतकी वर्षे केले होते की कापायचे आहे असे कोणी सांगण्याची गरज नसे. कंपनीचे नाव आणि मजले त्यांनी वरून गाळले, कारण ती बातमी नव्हती. ऐच्छिक अपेक्षा खालून गाळल्या, कारण त्या खाली होत्या. राहिला तो प्रश्न त्यांनी मला विचारला. मुख्य काम झाले असेल तर 'जमलं' या उत्तराला ते बरोबर म्हणत. परीक्षेत मात्र चारपैकी तीन पर्यायांमध्ये काम जमलेलेच असते.

"म्हणजे मी तुला पास करत होतो," काका म्हणाले.

"हो."

"हं." त्यांनी चष्मा पुसला. "पुढची तारीख घे."

तारीख सप्टेंबरची मिळाली, गणपती उठल्यानंतरची. दसऱ्याच्या आधी तीच शेवटची संधी होती. व्यवस्थापकांनी हरकत घेतली नाही. पुण्याच्या कंपनीला आपण कळवून ठेवतो, एवढे म्हणाले. काय कळवतो ते त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

दुसऱ्या फेरीत काकांनी प्रश्न पूर्ण आणि इंग्रजीतच वाचायचे ठरले. पहिल्या दुपारी त्यांनी खरोखर प्रयत्न केला. कंपनीच्या नावाला ते अडखळले. मजल्यांपाशी थांबून त्यांनी श्वास घेतला.

"हे कुणी लिहिलंय?"

"अमेरिकेत लिहिलंय काका."

"तिथे कागद स्वस्त असेल."

चौथ्या प्रश्नाला त्यांनी पुन्हा दोन ओळी गाळल्या. मी थांबवल्यावर त्यांनाच आश्चर्य वाटले. मशीनमन दारात उभे होते.

"काका, ताई नापास झाल्या त्या तुमच्यामुळं, असं म्हनत्यात सगळे."

"सगळे म्हणजे कोण?"

"म्हंजे मीच."

काकांनी त्यांच्याकडे पाहिले, मग कागदाकडे. मग म्हणाले, "मी खालून कापतो. बरोबर? मग आपण खालूनच वाचू. जे आधी वाचलं ते माझ्याच्यानं कापलं जात नाही."

तसे सुरू झाले. काका आधी शेवटची ओळ वाचत, म्हणजे प्रत्यक्ष प्रश्न. मग इंजिनिअरने काय केले ते. मग ऐच्छिक अपेक्षा, मग आवश्यक, आणि कंपनी व तिचे मजले सगळ्यात शेवटी. मजल्यांपाशी पोचले की ते माझ्याकडे पाहत. हवे असेल तर मी मान हलवी, नसेल तर ते खुशाल गाळत. पहिले दोन-तीन दिवस उलटे ऐकताना डोके फिरल्यासारखे झाले. नंतर सवय झाली. काय विचारले आहे ते आधी कळल्यामुळे बाकीच्या ओळी ऐकताना कोणती घ्यायची आणि कोणती सोडायची ते आपोआप ठरत होते. दहातली सहा उत्तरे बरोबर येऊ लागली, मग सात, मग आठ. नवावर ती एखाद्याच दिवशी गेली.

गौरीच्या सुट्टीत सोनईला घरी गेले. पुस्तक बरोबर होते. आई पुरणाचे भांडे उतरवत होती.

"नापास झालीस म्हनून कामावरून काडत्यात का?"

"नाही काढत. टेबल बदलतात."

"आन् पास झालीस तर?"

"एका खोलीची किल्ली देतात."

"त्या खोलीत काय हाय?"

"एक यंत्र. आणि एसी."

आईने यावर थोडा विचार केला. "मग हो पास. उन्हाळ्यात बरं पडंल," म्हणाली, आणि ताट वाढले.

सप्टेंबरात सकाळच्या गाडीने पुण्याला गेले. शिरूरला गाडी थांबली तेव्हा चहा घेतला. केंद्रातील मुलीने मला ओळखले आणि खिडकीजवळची जागा दिली. प्रश्न तसेच लांब होते. मी प्रत्येक प्रश्नाची शेवटची ओळ आधी वाचली आणि वर सरकत गेले. बऱ्याच कंपन्यांची नावे मला आजही सांगता येणार नाहीत, कारण तिथपर्यंत मी पोचलेच नाही. शेवटच्या उत्तरानंतर वेळ शिल्लक होता. दोन शंकेचे प्रश्न पुन्हा पाहिले. एकाचे उत्तर बदलले, एकाचे तसेच ठेवले.

पडदा कोरा झाला आणि पट्ट्या उमटल्या. खालची लांब होती. ८४६.

शिवाजीनगरच्या स्टँडजवळ एसटीडीचे बूथ होते. फोन काकांनीच उचलला.

"किती?"

"आठशे शेहेचाळीस."

"हजारपैकी?"

"हो."

"लागत किती होते?"

"सातशे चौसष्ट."

"पुन्हा सांग. मिळालेले."

"आठशे शेहेचाळीस, काका."

"बरं," काका म्हणाले. मागे कोणाला तरी त्यांनी आकडा सांगितल्याचे ऐकू आले. मग, "शिरूरच्या पुढे पाऊस आहे म्हणतात. खिडकी लावून बस."

कार्यालयात पोचले तेव्हा काका पहिल्या पानात गुंतले होते. त्यांनी मान वर केली, निकालाच्या कागदासाठी हात पुढे केला, आकडा पाहिला आणि कागद परत दिला. व्यवस्थापकांनी त्याची झेरॉक्स काढून पुण्याच्या कंपनीला फॅक्स केली. मशीनमननी पेढे मागितले आणि ते आणायला स्वतःच गेले.

दसऱ्याच्या सकाळी छापखान्यात पूजा झाली. यंत्राला झेंडूची माळ घातली. सर्व्हरच्या कपाटालाही घालायची होती, पण माळेच्या पाकळ्या पंख्यात जातील म्हणून मी ती कपाटावर न घालता दारावर लावायला सांगितली. मालकांनी ते ऐकले. पुण्याचा इंजिनिअर जोडणी पूर्ण करून दुपारी परत गेला. व्यवस्थापकांनी किल्ली माझ्याकडे दिली आणि तिची दुसरी प्रत आपल्या कपाटात ठेवली.

काकांनी बातमी मलाच लिहायला सांगितली. मी पाच परिच्छेद लिहिले.

दसऱ्याची सुट्टी असल्याने दुसऱ्या दिवशी अंक निघाला नाही. त्यानंतरच्या अंकात चौथ्या पानावर बातमी आली. तीन परिच्छेद होते. परीक्षेचा उल्लेख चौथ्यात होता आणि गुण पाचव्यात.