मामांचं भाषण, बाबांची चर्चा

इस्राएलला आल्यावर अश्दोदला आम्हाला घर मिळालं तेव्हा पुढे वाळू होती आणि मागेही वाळूच. आईने ठाण्याहून पाटा-वरवंटा आणला होता, बाबांनी रेडिओ. आमच्या ओळीत मराठी बोलणारी घरं दोनच, आमचं आणि समोरचं मामांचं. मी तेव्हा एकोणीस वर्षांची. उलपानात, म्हणजे नव्याने आलेल्यांच्या हिब्रूच्या वर्गात, सहा महिने काढले होते. दोन्ही घरांत मिळून रेडिओवरची हिब्रू कळणारी मी एकटीच.

निवडणूक जवळ आली होती. मंगळवारी संध्याकाळी रेडिओवर आधी एक पुढारी भाषण करायचा, मग चार माणसं बसून त्यावर वाद घालायची. मी रेडिओला कान लावून सगळं मराठीत सांगत जायची.

मामा मुंबईला गोदीत मुकादम होते. त्यांचा कल उजव्या पक्षाकडे. बाबा गिरणीत कारकून आणि युनियनचे, ते कामगार पक्षाचे. पण मजा अशी की मामा फक्त भाषणाला यायचे. ताठ बसून ऐकायचे, वक्ता कोणत्याही पक्षाचा असो, आणि चर्चा सुरू झाली की चपला शोधायचे. बाबा भाषण चालू असताना शेंगा सोलत बसायचे आणि चर्चेची चाहूल लागली की खुर्ची पुढे ओढायचे.

एकदा मामा चुकून चर्चेला थांबले. चौघं एकदम बोलत होते. मी सांगितलं, "एक हो म्हणतो, एक नाही म्हणतो, तिसरा म्हणतो दोघांचंही थोडं बरोबर."

"मग ठरलं काय?" मामांनी विचारलं.

"ठरवायचं आपण," बाबा खूश होऊन म्हणाले.

"आपणच ठरवायचं तर त्यांना तिथे बसवलंय कशाला?" म्हणत मामा घरी गेले.

दोघांना आपापली मतं ऐकायला आवडतात, असं मी समजत होते. पण मला शंका यायला लागली. म्हणून एका मंगळवारी मी लबाडी केली. मुद्दे तेच ठेवले, सूर तेवढा बदलला. मामांच्या पक्षाचा पुढारी गरजत होता. मी त्याच्या तोंडी 'मला वाटतं', 'दुसरी बाजूही ऐकायला हवी' असं घालत गेले. नंतर चर्चेत बाबांच्या पक्षाचा माणूस अगदी मवाळ बोलत होता. त्याला मी टेबलावर मूठ आपटायला लावली. मामांनी घरी जाऊ नये म्हणून आईने त्या दिवशी चहा मुद्दाम उशिरा केला. तिला आधीच सांगून ठेवलं होतं.

"आज याला बरं नाही काय?" भाषण संपल्यावर मामा म्हणाले. "फार कच्चा बोलला. याला मत द्यायचं म्हणजे विचार करायला हवा."

चर्चा संपली तशी बाबांनीही तोंड वाकडं केलं. "आमचा माणूस असा? दुसऱ्याला तोंड उघडू देत नाही."

"पण मजुरीचं तो बोलला ते तुमचंच म्हणणं ना?" मी विचारलं.

"म्हणणं माझंच गं. पण कुणी असं अंगावर येऊन सांगितलं की मला त्यात खोट दिसायला लागते. सभेत एकटाच बोलणारा घरून ठरवून आलेला असतो."

मामा लगेच म्हणाले, "आणि गोदीत माल वर लटकत असताना मुकादम 'बघू या' म्हणाला तर? इथे भाषा नवी, काम नवं. निदान एकाने तरी ठाम बोलावं."

मला हसू आवरेना. मी कबूल करून टाकलं.

"म्हणजे इतके महिने आम्ही रेडिओ ऐकतोय की तुला?" मामांनी विचारलं. बाबा इतके हसले की मांडीवरची शेंगांची टरफलं सगळीकडे सांडली. मग मामाही हसायला लागले.

पण मामा तेवढ्यावर थांबले नाहीत. पुढच्याच आठवड्यात, पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी उलपानात नाव घातलं. "दुभाष्याचा भरवसा नाही," असं त्यांनी तिथल्या बाईंना कारण सांगितलं. महिन्याभराने ते चर्चेलाही बसायला लागले, कारण चौघांत एखादा तरी सावकाश बोलायचा आणि त्याचे शब्द पकडता यायचे. एका मंगळवारी ते खुर्चीतून उठलेच.

"कळलं. अख्खं वाक्य कळलं. तो म्हणाला, आपली वेळ संपली."

खरंच तसंच म्हणाला होता. आईने शिरा केला, मामी शेजारच्या रुमानियन बाईंनाही बोलावून आली. बाबा शिरा खाताना कौतुक करत होते, पण जरा अस्वस्थ दिसत होते. रविवारी मी कामावरून आले तेव्हा मामांच्या ओट्यावर दोघं एकाच वहीवर वाकलेले. मामा बाबांना हिब्रूचं पहिलं अक्षर 'अलेफ' काढून दाखवत होते, आणि ते तसं नाही, असंही काढता येईल, असं बाबा म्हणत होते.